कोळशाची वीज आणि राखेचा अडसर

येत्या 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेस मंजुरीही दिली. कोळसा भट्टीत न जाळता वापरण्याच्या या खटाटोपात सव्वाशे वर्षांपूर्वीची एक कल्पना पुन्हा चर्चेत येत असते. ती म्हणजे घन कार्बनवर थेट चालणारा इंधनघट, अर्थात कार्बन फ्युएल सेल. कल्पना मोहक आहे, म्हणूनच ती नीट पारखून घेणे आवश्यक ठरते.

औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि वाफेवर जनित्र फिरते. या प्रवासात कोळशातील जेमतेम एकतृतीयांश ऊर्जा विजेच्या रूपाने हाती लागते. इंधनघटात ज्वाला नसते. सुमारे 700 ते 800 अंश सेल्सिअस तापमानाला, वितळलेल्या क्षारात किंवा सिरॅमिकच्या पडद्याआड, कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. या अभिक्रियेत एंट्रोपी जवळपास बदलत नाही. त्यामुळे तत्त्वतः कार्बनची सगळीच रासायनिक ऊर्जा विजेत उतरू शकते. शिवाय बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेतील नायट्रोजनमध्ये फारसा मिसळलेला नसल्याने तो वेगळा काढणे सोपे जाते.

मग ही यंत्रणा अजून प्रयोगशाळेतच का? अमेरिकी अभियंते विल्यम जॅक्स यांनी 1896 मध्ये अशा घटाचे पेटंट मिळवले होते. वितळलेल्या कॉस्टिक सोड्यात भाजलेल्या कोळशाच्या कांड्या बुडवून आणि हवा सोडून त्यांनी वीज मिळवली. परंतु सोडा कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट बनू लागला आणि घट मंदावला. पुढे लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सोड्याऐवजी वितळलेली कार्बोनेटच वापरली गेली. तेथे नाना प्रकारचे कार्बन तपासले असता इंधनाची अंतर्गत घडण निर्णायक असल्याचे दिसून आले.

ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू शिस्तीत रचलेले असतात, म्हणून ते सहजासहजी अभिक्रिया करत नाहीत. ज्या कार्बनची रचना विस्कळीत, तो अधिक क्रियाशील. मात्र इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी विद्युतवाहकताही हवी आणि ती शिस्तबद्ध रचनेतच चांगली असते. चांगले इंधन या दोन टोकांच्या मधोमध सापडते. पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त गटही अभिक्रियेला हातभार लावतात.

तापमान वाढवल्यास वेग वाढतो. पण कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. तो न वापरता निसटला, तर कार्बनच्या प्रत्येक अणूमागे चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन पदरात पडतात.

भारतासाठी खरा प्रश्न राखेचा आहे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा 30 ते 45 टक्के असते. 35 टक्के धरले, तरी टनामागे साडेतीनशे किलो राख उरते. बॉयलरमधून ती बाहेर काढता येते. वितळलेल्या क्षारात मात्र ती साचत जाते. कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांची ऑक्साइडे अभिक्रियेला चालना देतात, पण सिलिका आणि ॲल्युमिना तिला खीळ घालतात. आणि भारतीय राखेत भरणा याच दोघांचा आहे. गंधक निकेलच्या इलेक्ट्रोडवर विषासारखा परिणाम करते, हा त्याहून वेगळा धोका. कोळसा आम्लांनी धुऊन शुद्ध करता येतो. परंतु त्याचा खर्च आणि सांडपाणी हिशेबात धरले, तर कार्यक्षमतेचा नफा कितपत उरेल?

करवंटीचा कोळसा या कसोटीवर सरस ठरतो. त्यात राख अवघी काही टक्के असते. उलट भाताचे तूस सिलिकाने भरलेले. म्हणजे ‘जैविक’ एवढ्या शिक्क्याने इंधन योग्य ठरत नाही. शिवाय करवंटीच्या कोळशाला सक्रिय कार्बनच्या उद्योगात आधीच मागणी आहे. कोकण-गोव्यात एखादा छोटा प्रयोग त्यावर उभा राहू शकेल; राज्याची विजेची गरज भागणार नाही.

मुरगाव बंदरातील कोळशाच्या धुळीवरही हा उतारा नव्हे. तेथून शेजारच्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोकिंग कोळसा लोहखनिजातून लोह मिळवण्यासाठी लागतो, आणि ते काम इंधनघट करत नाही. ‘स्वच्छ कोळसा’ या शब्दांमागे अशा अनेक गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. धोरणकर्त्यांनी ते गाठोडे सोडून पाहावे. यापुढे अशा कोणत्याही तंत्रज्ञानाला सार्वजनिक निधी देताना कार्यक्षमतेचा आकडा शुद्ध कार्बनवर मिळाला की खाणीतून निघालेल्या कोळशावर, आणि तो किती तास टिकला, हे आधी विचारले पाहिजे.