जिनिंगची विहीर आणि माझं कवेलूचं घर

निवृत्तीचे पैसे हातात आले आणि मी दारव्ह्यात एक जुनं कवेलूचं घर विकत घेतलं. माझ्या भाच्याने डोक्याला हात लावला. तो प्लॉटच्या खरेदी-विक्रीची कामं करतो. "मावशी, एवढ्या पैशात तुले रोडटच दोन प्लॉट आले असते. हे खोपट कायले घेतं तू?" त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. साडेसतरा लाखांत मला ओसरी, माजघर, मागची स्लॅबची एक खोली, सागवानी खांब आणि सीताफळाचं एक झाड मिळालं. पुढच्या पडवीवर टिन आहे, तेही गंजलेलं.

चौतीस वर्षं परिचारिका म्हणून जिल्हाभर बदल्या झाल्या. सगळा जन्म क्वार्टरमध्ये गेला, भिंतीत खिळा ठोकतानाही हात आखडायचा. मला घर हवं होतं आणि ते जुन्या जिनिंगच्या आसपास हवं होतं, कारण माझे बाबा तिथे फिटर होते.

जिन म्हणजे काय, हे आता यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांनाही सांगावं लागतं. दिवाळीच्या सुमारास ते सुरू व्हायचं आणि होळीनंतरही चालायचं. कापसातून सरकी वेगळी काढणारे दोन रोल, रोलावर चामड्याच्या चकत्या आणि त्यांना घासून बसलेलं पोलादी पातं. पातं आणि रोल यांच्यातली फट बाबा बोटाने ओळखायचे. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघायची, बाकी बहुतेक सरकी. घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा रुईचा फूस असायचा. आई त्यांना आधी ओसरीत झटकायची, मग आत घ्यायची. आजोबांच्या काळात गठाणी बांधल्या की दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनातून शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला जात, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टर. किलिक-निक्सन कंपनीची ती अरुंद लाइन मुळात कापसासाठीच होती, माणसं त्यात नंतर बसली. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता रुळांवर गवत आहे.

1972 साली राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली तेव्हा जिनिंगच्या फाटकापासून बंड्यांची रांग लागायची. दोन-दोन रात्री शेतकरी बंडीखाली झोपायचे, पहाटे चूल पेटवायचे. ग्रेडर कापूस हातात घेऊन काय बोलतो, त्यावर त्या घरचं लग्न पुढे ढकलायचं की नाही हे ठरायचं. चुकारा मिळायला किती दिवस लागतील, याच्यावर किराणा दुकानाची उधारी.

जिनिंगच्या आवारांची रचना मात्र आज कुणाच्या ध्यानात नाही. रुईला एक ठिणगी पुरते. म्हणून कापसाच्या गंज्या एकमेकींपासून लांब रचायच्या, मध्ये भरपूर मोकळं ठेवायचं, स्वतःची विहीर खोदायची आणि बाजूला भरलेला टाका ठेवायचा. माल चढवायला स्टेशन जवळ लागायचं. आगीच्या भीतीने आणि रेल्वेच्या सोयीने गावाच्या पोटात एवढी मोठी, पाण्याची, झाडांची जागा राखली गेली. कुणाच्या दूरदृष्टीला त्याचं श्रेय नाही.

2000 साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान आणलं. जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं. नवी युनिट गावाबाहेर, ट्रक वळेल अशा रस्त्यावर उभी राहिली. तोवर एकाधिकारही मोडकळीला आला होता. गावातली जुनी जिनं थंडावली, यंत्रं भंगारात गेली आणि आवारांत पांढऱ्या चुन्याच्या रेघा पडल्या. आता जिथे बंड्या सुटायच्या तिथे प्लॉट नंबर 14 आहे.

माझी तक्रार प्लॉट पाडण्याबद्दल नाही. मालकाची जागा आहे, बंद कारखाना त्याने किती वर्षं सांभाळावा? माझी तक्रार अशी की या जागा राहण्यासाठी विकल्याच जात नाहीत. माझ्या ओसरीतून दिसणाऱ्या लेआउटमधले जवळजवळ सगळे प्लॉट विकले गेलेत आणि घरं उभी आहेत तीन. बाकीचे मालक पुण्यात, नागपुरात, एक तर दुबईत. सगळ्यांच्या डोक्यात वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे आहे. 284 किलोमीटरचा मार्ग, त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. भाचा गिऱ्हाइकांना हीच नावं स्टेशनमास्तरसारखी ओळीने म्हणून दाखवतो. गाडी येईल, येऊच दे, मला तिची वाट आहे. पण तोवर या प्लॉटांत गाजरगवत माजतं, डुकरं बसतात, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड त्यांच्यावरच पडतो. त्या दिव्यांच्या बिलात वस्तीत राहणाऱ्यांच्या घरपट्टीचाही वाटा आहे.

घर घेताना मला एक गोष्ट कळली, ती सांगायलाच हवी. मोकळ्या एनए प्लॉटला कर्ज मिळायला मला कुठे अडचण दिसली नाही. उभ्या घराला मात्र एका बँकेने नकार दिला. व्हॅल्युअर आला, खांबांवर टकटक केलं, फोटो काढले आणि अहवालात लिहिलं की बांधकामाचं मूल्य नगण्य. ज्या खांबांचं सागवान आज वखारीत विकत घ्यायचं तर माझी पेन्शन पुरायची नाही, ते नगण्य! शेवटी सगळे पैसे भविष्य निर्वाह निधीतून गेले. राज्य सरकारचं मात्र मला इथे कौतुक वाटतं. 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि ती राहत्या घरावर आहे, मोकळ्या जमिनीवर नाही. भाच्याला हे माहीत होतं. त्याने सांगितलं नव्हतं.

कागदांचा ताप मात्र जुन्याच घराला जास्त. आखीव पत्रिकेवर नाव विकणाऱ्यांच्या मेलेल्या आजोबांचं, वारस सात, त्यातला एक सुरतेला आणि एकीची सही घ्यायला मी स्वतः आर्णीला एसटीने तीन खेपा घातल्या. जुनं घर घेणाऱ्याने इसार देण्याआधी वारसांचा फेरफार झालाय का ते बघावं आणि चतुःसीमा पायाने चालून मोजावी. माझ्या चतुःसीमेत शेजाऱ्याची मोरी निघाली. ती अजून तिथेच आहे. त्यांच्या घरून दर संक्रांतीला तिळगूळ येतो, आता भांडू कशी?

जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यांतली मी नाही. कवेलू दर मृगाच्या आधी फेरावे लागतात आणि ते काम येणारा माणूस गावात एकच उरलाय, तोही सत्तरीचा. वानरं आली की पाच-पंचवीस कवेलू जातात. पहिल्या पावसाळ्यात देवघरात बादली ठेवली होती. पण मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला, स्लॅबच्या खोलीत कूलरनेही जीव निवेना, तेव्हा मी माजघरात चटई टाकून दुपारी झोपले. समोरच्या तीन नव्या घरांतल्या बायका दुपारी पापड लाटायला माझ्याच माजघरात येऊ लागल्या.

पुन्हा बंद कारखान्यांच्या जमिनींकडे येते. मुंबईत 1982 चा संप झाला, गिरण्या बुडाल्या. त्यांच्या जमिनीसाठी 1991 साली निदान एक नियम तरी लिहिला गेला, की एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, उरलेला मालकाला. 2001 साली तो नियम असा बदलला की शहराच्या वाट्याला थोडकंच उरलं, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्यही केला. पण भांडायला काहीतरी कागद होता. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला, त्याबद्दलही लोक अजून बोलतात. दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा, वणीच्या जिनांबद्दल कोण बोलणार? इथले मजूर हंगामी. वर्षातले सात महिने ते कुणाचेच कामगार नव्हते, त्यामुळे कुणाच्याच यादीत नाहीत.

मागणी माझी छोटी आहे. मोठा लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. जिनिंगच्या आवारात हे दहा टक्के कुठे काढायचे हे ठरवताना आधी विहीर बघा, मग झाडं बघा. होतं उलट. प्लॉट पाडून जो तिरपा कोपरा विकला जात नाही, तो ओपन स्पेस म्हणून दाखवतात आणि वर्षभरात तिथे कुणीतरी ओटा बांधून शेंदूर फासतो. आणि रिकाम्या प्लॉटवर घरपट्टीपेक्षा जास्त कर लावा, दर दोन वर्षांनी वाढता. भाचा म्हणतो, असं केलं तर गावात गुंतवणूक येणार नाही. मी त्याला म्हटलं, अरे, नळाला तीन दिवसांआड पाणी येतं, तुझ्या गुंतवणुकीने त्यात काय भर पडली ते सांग.

बाबांच्या जिनिंगची विहीर लेआउटच्या नकाशात नाही. ती प्लॉट नंबर 22 आणि 23 च्या मधोमध येते. दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. बाबांनी तिच्या पाण्याने एकदा पेटलेली गंजी विझवली होती, त्यांच्या डाव्या हातावर तो डाग शेवटपर्यंत होता. गेल्या महिन्यापासून ट्रॅक्टर येतो आणि तिच्यात मलबा टाकतो. मी लेखी अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. कालपर्यंत एकोणीस ट्रॉल्या झाल्या. ओसरीत बसून मी मोजते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते. पाणी अजून दिसतंय.