संगणकाची खिडकी : फाईल चढवली, पण पोच कुठे?



आमच्या वस्तीतील एका मुलीची दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावी झाली, कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फी-माफीचा अर्ज संगणकावर भरायचा होता. वडील माथाडी कामगार. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांचे दोन खाडे झाले. मुलीने जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका यांचे मोबाईलवर फोटो काढले, रात्री अकरा वाजता सगळे रकाने भरले आणि बटण दाबले. चक्र बराच वेळ फिरले. मग अर्ज पुन्हा समोर आला, पण कोरा. चूक काय झाली याबद्दल एक शब्द नाही. तिने पुन्हा भरला, पुन्हा कोरा. तिसऱ्यांदाही तेच झाले तेव्हा ती आईला म्हणाली, "मला नाही जमत हे."

तिला सगळे जमत होते. जमले नव्हते ते पलीकडे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला. आपल्या घराघरांतून आता असे अर्ज भरले जातात आणि आपली काही मुले-मुली असे प्रोग्रॅम लिहूही लागली आहेत. म्हणून बटण दाबल्यावर फाईलचे पुढे काय होते, ते या वेळी जरा सविस्तर पाहू.

अर्जासोबत फाईल जोडून पाठवण्याची सोय इंटरनेटवर पहिल्यापासून नव्हती. झेरॉक्स कंपनीतील दोघांनी १९९५ च्या नोव्हेंबरात तिची रीत लिहून मांडली. ती रीत साधी आहे. आपण टंकलेली माहिती आणि जोडलेल्या फाईली यांचे एकच गाठोडे बांधायचे आणि दोन वस्तूंच्या मध्ये एक खुणेची ओळ घालायची. पलीकडचा संगणक, म्हणजे सर्व्हर, त्या खुणा पाहून गाठोडे सोडतो.

सर्व्हर हा खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखा समजा. गाठोडे किती मोठे घ्यायचे हे त्याला आधीच सांगून ठेवलेले असते. अनेक संकेतस्थळे पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेली आहेत. त्या भाषेत, चालवणाऱ्याने मुद्दाम बदल केला नसेल तर, एका फाईलला २ एमबी आणि सगळ्या गाठोड्याला ८ एमबी अशी मर्यादा असते. मोबाईलचा एक फोटो सहज ४ एमबीचा निघतो. तिघांचे झाले १२. अशा वेळी पीएचपी फाईली तर टाकून देतेच, पण टंकलेले नावगावही प्रोग्रॅमच्या हाती देत नाही. दोन्ही ताटे रिकामी. प्रोग्रॅमला वाटते, कोणी काही भरलेच नाही, आणि तो नवा कोरा अर्ज पुढे करतो. त्या मुलीच्या बाबतीत लक्षणे तंतोतंत हीच होती. दुसऱ्या दिवशी फोटो लहान करून प्रत्येकी तीनेकशे केबीवर आणले, तेव्हा अर्ज पहिल्या झटक्यात गेला.

हे टाळणे अवघड नसते. येणाऱ्या गाठोड्याचे वजन त्याच्या बरोबरच लिहून आलेले असते. ते मर्यादेपेक्षा जास्त आणि हातात मात्र काहीच नाही, असे दिसले की प्रोग्रॅमने ओळखायचे आणि तसे स्पष्ट सांगायचे. दोन-चार ओळींचे काम आहे. ज्याच्या घरी खाडा पडत नाही त्याला त्या ओळी लिहायचे सुचत नाही, असे मला वाटते.

गाठोडे मर्यादेत असले तरी फाईल लगेच दप्तरी लागत नाही. ती आधी तात्पुरत्या जागी उतरते. प्रोग्रॅमने तिथून उचलून कायमच्या जागी नेली तर ठीक, नाहीतर काम संपताच ती आपोआप पुसली जाते. वाटेत नेट तुटले तर फाईल अर्धीच पोहोचते. त्याचीही वेगळी सूचना सर्व्हर प्रोग्रॅमला देतो, पण ती वाचायची तसदी घेतली पाहिजे. फाईल जागेवर ठेवली, बारनिशीत नोंद झाली, की मगच पोच द्यायची. आधी "यशस्वी" असे हिरव्या अक्षरांत दाखवून मागे फाईल हरवणे हा तर विश्वासघात झाला.

मग फाईलच्या नावाचा प्रश्न. आलेल्या नावानेच फाईल ठेवली, तर "आधार" नावाच्या शेकडो फाईली येणार आणि एकीवर दुसरी बसणार. तुमच्या अर्जाला भलत्याचाच कागद जोडला जाईल. काही जण नाव स्वच्छ करायचे म्हणून इंग्रजी अक्षरे आणि आकडे तेवढे ठेवतात. आता एखाद्याने मराठीत "उत्पन्नाचा दाखला" असे नाव दिले असेल तर मागे काय उरते? नुसते शेपूट. मराठीत नाव देणाऱ्या सगळ्यांच्या फाईली एकाच बिननावाच्या खुंटीवर! खरा उपाय हा की सर्व्हरने प्रत्येक फाईलला स्वतःचे नवे नाव द्यावे आणि मूळ नाव नोंदीत ठेवावे.

शेपटावरूनही फसू नये. जेपीजी फोटोचे नाव बदलून पीडीएफ केल्याने तो पीडीएफ होत नाही. खऱ्या पीडीएफच्या आत अगदी सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही इंग्रजी अक्षरे असतात. जेपीजीची सुरुवातीची खूण निराळी. चांगला प्रोग्रॅम आत डोकावून पाहतो. सायबर कॅफेवाल्याने नुसते शेपूट बदलून दिले असेल तर आपला अर्ज तिथे अडतो आणि आपल्याला कारण कळत नाही. पण या तपासणीमागे दुसरे कारणही आहे. फोटो म्हणून कोणी चक्क प्रोग्रॅमच चढवला आणि तो संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरात पडला, तर त्याच्या जोरावर परका माणूस सारा सर्व्हर ताब्यात घेऊ शकतो. म्हणून चढवलेल्या फाईली उघड्या फोल्डरात ठेवायच्याच नसतात.

या उघड्या फोल्डरचा आपल्याशी थेट संबंध आहे. दाखल्यावर आपली जात, वडिलांचे उत्पन्न, घरचा पत्ता सगळे असते. फाईलींना १०१, १०२, १०३ असे ओळीने क्रमांक देऊन त्या उघड्या ठेवल्या, तर कोणीही आकडा बदलत जाऊन वस्तीचे दाखले वाचू शकेल. फाईल मागणारा कोण आहे, हे प्रोग्रॅमने दर वेळी विचारलेच पाहिजे.

बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. धर्मांतर १९५६ चे, म्हणजे मधली चौतीस वर्षे लढण्यात गेली. त्या दाखल्याचा कागद असा हातातून निसटू देऊ नका. फोटो काढल्यावर फाईल किती केबीची आहे ते अर्जावरच्या अटीशी ताडून पाहा. लहान करताना शिक्का आणि क्रमांक वाचता येतो ना, हेही बघा. फाईल चढल्यावर तिथेच पुन्हा उघडून पाहा, की आपलाच दाखला आहे आणि तो पूर्ण आहे. अर्ज क्रमांकाची पोच वहीत उतरवा. आणि शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका, कारण त्या रात्री सगळेच खिडकीवर असतात.

ती मुलगी आता संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने अर्जाचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि मला दाखवायला आणला. मी मुद्दाम मोठा फोटो चढवून पाहिला. पडद्यावर मराठीत आले : "तुमची फाईल ४ एमबीची आहे. येथे २ एमबीपर्यंतची चालते. तुम्ही भरलेली बाकीची माहिती जपून ठेवली आहे, ती पुन्हा भरू नका."