भाड्याची मदत मिळते... पण मालकाला!

दर शनिवारी इथे काहीतरी हलकंफुलकं लिहायचा माझा नियम आहे. आज जमेलसं वाटत नाही. आजूबाजूला सतरा खोकी आहेत, त्यातल्या एकात चहाची गाळणी आहे, आणि ती नक्की कुठल्या खोक्यात आहे हे बायकोलाही आठवत नाहीये.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या घरमालक काकांचा फोन आला. "अरे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुला महिनाअखेर जागा खाली करावी लागेल रे." ॲग्रीमेंटचे सहा महिने शिल्लक होते, पण एक महिन्याच्या नोटिशीचं कलम त्यात होतंच. काका माणूस चांगला. मी सहज विचारलं, तुम्हाला बिल्डर काय देतोय? काकांनी प्रांजळपणे सांगितलं: नवं घर तयार होईपर्यंत दरमहा 40,000 रुपये भाडं, एका महिन्याची दलाली आणि वर सामान हलवायचा खर्च.

"आणि मला?" मी विचारलं. काका हसले. मीही हसलो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की यात हसण्यासारखं काय होतं? काका गेली आठ वर्षं बोरिवलीला मुलाकडे राहतात. जोगेश्वरी पूर्वेच्या या घरात त्यांची एक खुर्चीसुद्धा नाही. सामान माझं हलणार, दलाली मी भरणार, मुलाच्या रिक्षावाल्या काकांना नवा पत्ता मी समजावणार. आणि 'घर सोडावं लागतंय' म्हणून भाडं, दलाली आणि टेंपोचा खर्च मिळणार काकांना! काकांची यात काही चूक नाही. करारच तसे असतात. पण तसे का असतात, हे कोणी विचारतच नाही.

घर शोधायला बाहेर पडलो तेव्हा दुसरा झटका बसला. आमच्याच बिल्डिंगमधले, खरोखर तिथे राहणारे मालकही याच भागात घर शोधत होते. मुलांच्या शाळा इथे, मंडळ इथे, त्यामुळे त्यांनाही लांब जायचं नव्हतं. त्यांच्या खिशात बिल्डरचे 40,000, त्यामुळे एजंटने आकडा सांगितला की घासाघीस नाही. आमच्यासारख्यांनी मग काय करायचं? 34,000 च्या जागी 38,000 आणि दोन लाख डिपॉझिट, यावर आमचं घोडं न्हालं.

सवयीने एक्सेल उघडलं. अकरा महिन्यांचं भाडं 4,18,000. दलाली 38,000. टेंपो, हमाल, किरकोळ दुरुस्ती मिळून 15,000. दोन लाखांवर दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं बुडालेलं व्याज 18,333. एकूण 4,89,333. भागिले अकरा, म्हणजे महिना जवळजवळ 44,500. जाहिरातीत 38,000!

तुम्ही म्हणाल, व्याज दहा टक्केच का धरलं? मी नाही, सरकारने धरलंय. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क लावताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के काल्पनिक व्याज धरतात, ते भाड्यात मिळवतात आणि बेरजेवर 0.25 टक्के शुल्क घेतात. म्हणजे हे डिपॉझिट नुसतं 'ठेवलेलं' नसून भाडेकरूने मालकाला दिलेला मोबदला आहे, हे सरकारला पक्कं माहीत आहे. वसुलीच्या वेळी माहीत आहे. मदतीच्या वेळी विसर पडतो.

आता मुद्द्यावर येतो. या शहरात भाड्याची मदत अस्तित्वात आहे, पण ती मिळते ज्याच्या नावावर घर आहे त्याला. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये मालकाला. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र झोपडीधारकाला. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत गृहकर्जाच्या व्याजावर साधारण 2,67,000 रुपयांपर्यंत अनुदान होतं, तेही घर विकत घेणाऱ्याला. पगारदाराला घरभाडे भत्त्यावर सूट आहे, पण ती जुनी करपद्धत निवडली आणि मुळात कर भरण्याइतका पगार असला तर. म्हणजे माझ्यासारख्याला. आमच्या पोळीभाजीवाल्या मावशींना नाही.

त्यांचं सांगतो. मावशी मेघवाडीत 8,000 भाड्याच्या खोलीत राहायच्या. 50,000 डिपॉझिट, ॲग्रीमेंट तोंडी. कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे आणि न नोंदवल्यास शिक्षाही आहे, पण हे मावशींना सांगणार कोण? वस्तीचं पुनर्वसन सुरू झालं. खोलीचा मालक पात्र ठरला, त्याला बिल्डरचे भाड्याचे चेक मिळाले. नऊ वर्षं तिथे राहणाऱ्या मावशींना मिळाली पंधरा दिवसांची मुदत. डिपॉझिट तीन हप्त्यांत परत आलं, तेही पूर्ण नाही. आता त्या नालासोपाऱ्याला असतात. पहाटेची लोकल पकडून येतात, चारांपैकी दोन घरची कामं सुटली. मी चार हजार जास्त भरून जोगेश्वरीत राहू शकलो. त्यांनी त्याची किंमत झोपेत आणि कमाईत मोजली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "भाडेकरूला हक्क दिले की तो जागा बळकावतो." याला इतिहास आहे, मान्य. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली आणि ती पन्नास वर्षं तशीच राहिली. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्याच्या चाळी बांधणंही थांबलं. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टानेच हे गोठवणं अवाजवी ठरवलं आणि मग 1999 चा कायदा आला. पण त्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकाच्या भीतीचं औषध 2000 पासून लागू आहे. तरी 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी सापडली. आणि भाडेकरूच्या भीतीचं औषध? 2021 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या नमुना कायद्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच असावं असं म्हटलंय. पण तो नुसता नमुना, राज्यांवर बंधन नाही.

आणि 'सरकारने भाड्याची घरं बांधणं आपल्याकडे जमत नाही' हेही पटत नाही. शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईत सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, 160 चौरस फुटांच्या खोल्या, सगळ्या भाड्याच्या. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या नगरपालिकेनेही भाड्याची घरं बांधायला घेतली. व्हिएन्ना थांबलं नाही, आज त्या पालिकेकडे दोन लाखांच्या वर घरं आहेत. आपण थांबलो. 2008 मध्ये एमएमआरडीएने पुन्हा 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. त्यातल्या पनवेलजवळ कोन इथल्या 2,417 घरांची 2016 मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली, मालकी हक्काने! गिरणी कामगारांना घर मिळालंच पाहिजे, प्रश्न तो नाही. प्रश्न हा की भाड्याचं म्हणून बांधलेलं घर आपल्याकडे भाड्याचं राहतच नाही. 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये मजूर पायी गावी निघाले, तेव्हा केंद्राला भाड्याच्या घरांची आठवण झाली. पण त्या योजनेतही सवलती बांधणाऱ्याला आहेत. राहणाऱ्याच्या हातात काही पडत नाही.

मागणं फार नाही. डिपॉझिट दोन महिन्यांवर आणा. रिडेव्हलपमेंटच्या प्रत्येक करारात, प्रत्यक्ष राहणाऱ्या भाडेकरूला सामान हलवायचा खर्च, दलाली आणि तीन महिन्यांचं भाडं द्या. कोण राहतंय हे कसं कळणार? अहो, नोंदवलेलं प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स सरकारच्याच सर्व्हरवर आहे. नाव, पत्ता, मुदत, भाडं, सगळं. माझ्या टीममधला नवा पोरगा दुपारपर्यंत क्वेरी लिहून देईल. आणि एकदा भाडेकरूला त्यातून पैसे मिळू लागले, की मावशीही मालकाला म्हणतील, "दादा, ॲग्रीमेंट नोंदवा." मालक नाही म्हणेल, मान्य. तर शिक्षेचं ते कलम निदान एकदा तरी वापरून बघा.

असो. नव्या घराचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे. नवी बिल्डिंग 1984 ची आहे आणि सोसायटीच्या फलकावर कालच नोटीस लागली: विशेष सर्वसाधारण सभा, विषय रिडेव्हलपमेंट. भाडेकरूंनी उपस्थित राहू नये, असं तळाला लिहिलंय.

दोन खोकी उघडलीच नाहीयेत. तशीच राहू देत म्हणतो.