बाळंतिणीची पाठ

बाळंतिणीच्या पाठदुखीचें खापर आपल्या घरांत वाऱ्यावर, गार पाण्यावर अगर शेकांत झालेल्या हयगयीवर फुटतें. ‘पाजणारीची पाठ दुखायचीच’ असें म्हणून वडीलधाऱ्या बायका विषय संपवितात, आणि ती बिचारी मुकाट्यानें सोसते. परंतु तान्हें मूल चोवीस तासांत ८ ते १२ वेळां अंगावर पितें, आणि दर खेपेस आई मान वांकवून, पाठीला पोक काढून बसते, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं. गर्भारपणीं सैल झालेले सांध्यांचे बंध अद्याप पूर्ववत् नसतात. पोटाचे ताणलेले स्नायू पाठीला आधार देत नाहींत. मग दुखेल नाहीं तर काय?

म्हणून व्यायामाआधीं बैठक सुधारावी. भिंतीला पाठ टेकवावी, मांडीवर लोड किंवा दोन उशा घेऊन मूल छातीपर्यंत आणावें. आपण मुलाकडे वांकूं नये. खुर्चीवर बसल्यास पायांखालीं पाट घ्यावा.

१९३७ सालीं योग शिकविण्यास पुण्यांत आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनीं ‘लाइट ऑन योग’ या १९६६ च्या ग्रंथांत प्रसूतीनंतर पहिला महिना आसनें वर्ज्य सांगितलीं आहेत. पुढें तीं बेतानें करावीं. आपल्या सव्वा महिन्याशीं हें जुळतें खरें, पण त्याचा अर्थ बाजेवर निश्चल पडून राहणें असा नव्हे. बाळंतपण सुरळीत झालें असल्यास थोड्याच दिवसांत उताणें निजून, गुडघे दुमडून, श्वास सोडतांना पोट आंत घ्यावें व कंबर जमिनीला टेकवावी. पांच अंक मोजून सोडावी. असें दहा वेळां. पोटाला बांधलेल्या पट्ट्यानें आधार वाटतो, स्नायूंना बळ येतें तें यानें. सिझेरियन झालें असेल तर मात्र आधीं डॉक्टरांस विचारावें.

महिन्यानंतर तळहात व गुडघे टेकून ओणवें व्हावें, आणि मांजरीप्रमाणें पाठ सावकाश वर उचलावी व खालीं आणावी. भिंतीला पाठ लावून उभें राहून हात वरखालीं सरकविल्यास आंखडलेले खांदे मोकळे होतात. पाजून झाल्यावर हें करावें, म्हणजे छाती जड लागत नाहीं. अशा व्यायामानें दूध आटतें ही समजूत निराधार आहे. त्या दहा मिनिटांत मूल घेण्याचें काम घरांतील पुरुषांनाही जमण्यासारखें आहे!

पायांत बधिरपणा आला, लघवी आवरेना, अगर पाठदुखीसोबत ताप आला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.