खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवू नका



कोंबडी खुडूक बसली की आपल्या गावात बहुतेक घरी दोनच उपाय करतात. एक म्हणजे तिला बादलीत बुडवून काढायचे. दुसरा म्हणजे तिचेच पीस उपटून तिच्या नाकात आडवे घालायचे. मला हे दोन्ही उपाय पटत नाहीत. का पटत नाहीत ते सांगते.

ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते. म्हणजे अंडी देणे बंद करते, खुराड्यातून उठत नाही, पिसे फुलवते आणि जवळ गेलं की खुड् खुड् करून टोचते. तिच्या पोटाखालची पिसे गळतात, म्हणजे गरम कातडी अंड्यांना लागते. हा आजार नाही आणि खोडीही नाही. तिला पिल्लं काढायची असतात.

आमची तांबडी डिसेंबरात खुडूक बसली. आई म्हणाली, "मेलीला आत्ताच बसायचं होतं!" कारण आमचं मीठ-तेल अंड्यांच्या पैशांवर चालतं. आणि माझ्या सहलीचे पैसेही त्यातूनच भरायचे होते. आईने तांबडीला तीन दिवस गार पाण्यात बुडवलं. ती थरथर कापायची आणि पुन्हा जाऊन बसायची. मग नाकात पीस घातलं. तांबडीने दोन दिवस दाणा टिपला नाही. चौथ्या दिवशी ती कडब्याच्या गंजीमागे सापडली. पोटाखाली एकही अंडं नव्हतं. ती एका गोल दगडावर बसली होती! ते बघून मला रडू आलं.

आजी म्हणाली, "तिला बसायचंय तर बसू दे की गं." आई म्हणाली, "आत्याबाई, बारा अंडी म्हणजे एकशेवीस रुपये झाले. शिवाय ती तीन महिने अंडी देणार नाही. पोरीची सहल कशी व्हायची?" आईचं म्हणणं खोटं नव्हतं. एकवीस दिवस अंड्यांवर आणि पुढे दोन महिने पिल्लांमागे, एवढे दिवस कोंबडी अंडी देत नाही. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं, "मी सहलीला जात नाही. तांबडीला बसव."

१७ डिसेंबरला आजीने पाटीत राख आणि वर मऊ गवत घातलं. बारा अंडी ठेवली. आठ दिवसांच्या आतलीच घेतली, जुनी घेतली नाहीत. गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून आजीने पाटीत एक कोळसा आणि खिळा ठेवला. मला ते खरं वाटत नाही, पण आजीला वाटतं, म्हणून मी काढला नाही.

मी वहीत रोजची नोंद ठेवली. तांबडी दिवसातून एकदाच उठायची. दाणे खायची, पाणी प्यायची, घाण बाहेर करायची, राखेत लोळायची आणि परत बसायची. चोचीने अंडी उलटीपालटी करायची. बाई म्हणाल्या की अंडी फिरवली नाहीत तर आतलं पिल्लू कवचाच्या पापुद्र्याला चिकटतं. तांबडीला हे कोणी शिकवलं? ती तर शाळेत आली नव्हती!

सातव्या रात्री अंधारात टॉर्च लावून आम्ही अंडी पाहिली. दहा अंड्यांत लाल बारीक शिरा दिसल्या. दोन नुसती पिवळी दिसली, ती काढून टाकली. (आमच्या वर्गातला एकजण दुकानातली पांढरी अंडी कापसात ठेवून बसला होता. त्यातून पिल्लं निघत नाहीत, कारण तिथल्या कोंबड्यांत कोंबडा नसतो.) एकोणिसाव्या दिवशी आजीने घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात क्षणभर अंडी सोडली. जिवंत अंडी पाण्यात आपोआप हलत होती. विसाव्या दिवशी अंड्याला कान लावला तर आतून चिव् चिव् ऐकू आलं, आणि तांबडी वरून हळू आवाजात उत्तर देत होती. ७ जानेवारीला पिल्लं बाहेर आली. दहांपैकी आठ निघाली.

सहल त्याच आठवड्यात गेली. एस. टी. आमच्या दारावरून गेली तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. नाही म्हटलं तर खोटं होईल.

आठांतली दोन पिल्लं घारीने नेली. एक पाण्याच्या भांड्यात बुडून मेलं. ती चूक माझी होती, भांडं खोल होतं. आता मी डब्याच्या झाकणात खडे टाकून पाणी ठेवते. राहिली पाच. पाचही पिल्लांना मानमोडीच्या लशीचा थेंब दिला आहे.

आता हिशेब. आई आजचा हिशेब करते, मी आखाडापर्यंतचा केला. पाचांत दोन तुऱ्याची आहेत. आखाडात कोंबड्याला चांगला भाव येतो. आमच्या बाजारात गावरान कोंबडा तीनशेच्या खाली मिळत नाही. म्हणजे दोघांचे सहाशे. तीन तलंगा राहतील आणि पावसाळ्यात अंड्यावर येतील. बारा अंड्यांचे एकशेवीस रुपये गेले, त्यात पिल्लांच्या कण्या धरा, आणि तांबडीची बुडालेली अंडीही धरा. तरी तोटा नाही. घारीने आणखी दोन नेली तर मात्र माझा हिशेब चुकेल, हे मी मान्य करते.

वनराजा, गिरिराज या कोंबड्या अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. कडकनाथही नीट बसत नाही. त्यांची अंडीसुद्धा गावरान कोंबडीखालीच ठेवतात. सगळ्यांनी खुडूक मोडली तर पिल्लं विकतच आणावी लागतील.

म्हणून माझे मत असे आहे :

१) वर्षातून एकदा तरी कोंबडीला अंडी बसवू द्या. कडक उन्हाळा आणि भर पावसाळा टाळा. तिच्या अंगाखाली मावतील तेवढीच अंडी ठेवा.

२) तुम्हाला अंडी बसवायची नसतील तर शेजारी ज्यांना हवी आहेत त्यांना कोंबडी वाट्याने द्या. निम्मी पिल्लं त्यांची, निम्मी तुमची.

३) तेही नको असेल तर तिला तीन-चार दिवस हवेशीर जागी, जाळीच्या डालग्याखाली ठेवा. खाली गवत घालू नका. दाणापाणी भरपूर द्या. अंग थंड राहिलं की खुडूक आपोआप मोडते. आमच्या काळ्या कोंबडीची चौथ्या दिवशी मोडली. बादली लागली नाही आणि नाकात पीसही लागलं नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं मोठी माणसं म्हणतात. तसंच कोंबडी बुडवली म्हणून तिची माया बुडत नाही. ती दगडावर जाऊन बसते.

आमच्या आईने आता काळीच्या वेळी बादली काढली नाही. तिने स्वतःच डालगं आणलं. पालकांनो, तुम्हीपण एकदा करून बघा. तुमचं मत वेगळं असेल तर चिठ्ठीवर लिहून खालच्या पेटीत टाका. पुढच्या अंकात मी उत्तर देईन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी