भाडे घेणाऱ्याची जबाबदारी

२२ मे २०२५ रोजी चागोस द्वीपसमूहाच्या करारावर ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या सह्या झाल्या. त्या आठवड्यात आमच्या गावच्या दुकानासमोर एकच विषय होता, पैसा. दरसाल सरासरी १० कोटी १० लाख पौंड, आणि तेही ९९ वर्षे! कोणी त्याचे रुपये करून पाहत होता, कोणी म्हणत होता की आता सरकारचे कर्ज फिटेल. मी मध्येच विचारले, "पण भाडेकरू त्या घरात काय करणार, हे कोणी विचारले का?" एक वयस्क काका हसले आणि म्हणाले, "मास्तर, भाडं येऊ दे. मोठ्यांचं मोठे बघतील."

काकांचा मी आदर करतो. पण त्यांचे ते वाक्य मनातून जाईना. दिएगो गार्सियाचा लष्करी तळ सिमेंटवर जितका उभा आहे, तितकाच लोकांच्या ह्या एका वाक्यावर उभा आहे.

थोडा इतिहास आठवू या. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या सुमारे सव्वादोन वर्षे आधी, ब्रिटनने चागोस मॉरिशसपासून तोडले. त्याबद्दल आपल्याला ३० लाख पौंड दिले. अमेरिकेने ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली आणि ही गोष्ट दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींपासून लपवून ठेवली. ज्या संसदेने इंग्लंडला लोकशाही शिकवली, तिलाच अंधारात ठेवून हा सौदा झाला. लष्करी सत्तेला सगळ्यात आधी लागतो तो काळोख. बंदुका मागाहून येतात.

पण बेटांवर माणसे होती. सुमारे १५०० ते २००० माणसे, पिढ्यान् पिढ्या राहिलेली. त्यांचे पूर्वज मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम म्हणून आणले गेले होते. पुढे त्यांत हिंदुस्थानातून आलेल्यांचेही रक्त मिसळले. त्यांची देवळे होती, त्यांच्या स्मशानांत आजे-पणजे निजले होते. त्यांना हलवायचे कसे? लंडनच्या अधिकाऱ्यांनी युक्ती काढली. हे लोक तिथले रहिवासी नव्हेतच, ते तर कंत्राटावर आलेले मजूर, असे कागदोपत्री ठरवायचे. रहिवासी म्हटले की संयुक्त राष्ट्रसंघाला जाब द्यावा लागतो. मजूर म्हटले की कंत्राट संपले, घरी जा.

मराठी बंधु-भगिनींनो, हा शब्द आपण नीट ऐकावा. कंत्राटी मजूर! आपण तरी कोण आहोत? रत्नागिरीहून, सावंतवाडीकडून गिरमिटावर सही नाही तर अंगठा करून आलेल्यांचीच आपण नातवंडे-पतवंडे. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आपले पूर्वजही चढले. उद्या कोणी म्हणाला असता की तुम्ही ऊस तोडायला आलेले मजूर, ह्या मातीवर तुमचा हक्क नाही, तर आपण काय उत्तर दिले असते? आपण दिले असते तेच उत्तर चागोसवासीयांचे होते. फरक इतकाच की त्यांचे ऐकायला कोणी नव्हते.

१९६८ ते १९७३ या काळात बेटे रिकामी केली गेली. कोणी औषधपाण्यासाठी वा नातलगांना भेटायला मॉरिशसला आला, तर त्याला परतीची बोटच मिळाली नाही. १९७१ साली दिएगो गार्सियावरची कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठारात कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. पाळलेल्या जनावराचे हे हाल पाहिल्यावर आपले काय होणार, हे माणसांना वेगळे सांगावे लागले नाही.

इथवरचे पाप इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे. पुढचे सगळेच त्यांच्या माथी मारता येत नाही. ही माणसे पोर्ट लुईच्या गोदीत उतरली, रोश ब्वा आणि कासीच्या झोपड्यांत राहिली, तेव्हा आपण त्यांना काय दिले? "इल्वा" हा त्यांच्यासाठीचा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला गेला. ब्रिटनने त्यांच्या पुनर्वसनासाठी १९७२ साली ६ लाख ५० हजार पौंड मंजूर केले. ते पैसे त्या कुटुंबांच्या हाती पडायला १९७७-७८ उजाडले, आणि तोवर महागाईने त्यातले बरेच खाल्ले होते. तेव्हा राज्य इंग्रजांचे नव्हते. ते आपण निवडून दिलेल्यांचे होते. त्या पाच वर्षांत आपल्यातल्या किती जणांनी विचारले की पैसे कुठे आहेत?

विचारले ते त्या बायकांनीच. शार्लेझिया अलेक्सिस, लिझेत तालात आणि त्यांच्या सोबतिणी उपोषणाला बसल्या, १९८१ साली पोर्ट लुईच्या रस्त्यावर उतरल्या, तुरुंगातही गेल्या. ओलिव्हिये बांकू लंडनच्या कोर्टात गेले आणि २००० साली जिंकले. चार वर्षांनी ब्रिटिश सरकारने राणीच्या हुकुमाने तो निकालही निष्फळ केला, तरी ते थांबले नाहीत. २०१८ साली हेगच्या न्यायालयात लिझबी एलिझे यांची साक्ष दाखवली गेली, आपल्या क्रिओलमध्ये. लिहितावाचता येत नसतानाही त्यांनी आपली कहाणी जगासमोर सांगितली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी १३ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने सांगितले की चागोस तोडणे बेकायदेशीर होते. आम्ही शिकलेसवरलेले गप्प बसलो होतो, आणि निरक्षर बाईने साम्राज्याला जाब विचारला. मास्तर म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते.

आता भाड्याकडे येऊ. ह्या तळावरून १९९१ साली इराकवर, २००१ साली अफगाणिस्तानवर आणि २००३ साली पुन्हा इराकवर बॉम्बफेकी विमाने गेली. कैद्यांना गुपचूप नेणारी विमाने इथे कधी उतरली नाहीत, असे ब्रिटिश सरकार सांगत असे. २००८ साली त्याच सरकारला कबूल करावे लागले की २००२ मध्ये अशी दोन विमाने उतरली होती. आजवर आपण म्हणू शकत होतो की घर आमचे, पण ते चोराच्या ताब्यात आहे. भाडे घेतले की तसे म्हणता येणार नाही.

करारात एक कलम आहे. तळावरून दुसऱ्या देशावर थेट हल्ला झाला, तर ब्रिटनने ते मॉरिशसला तातडीने कळवायचे. नुसते कळवायचे. विचारायचे नाही. पण कळवलेले आपल्या सरकारला कळेल. ते आपल्याला कळेल का? असे प्रत्येक पत्र आपल्या संसदेच्या टेबलावर आले पाहिजे, एवढी तरी मागणी आपण करू शकतो. पैशाचा हिशेब दरसाल वेगळा मांडला जावा, आणि ज्यांना वाटाघाटीत खुर्ची मिळाली नाही त्या चागोसवासीयांना तो तपासण्याचा अधिकार असावा, हीही मागणी करू शकतो.

कोणी म्हणेल, आपला देश लहान, आपल्याला सैन्यही नाही, बळी तो कान पिळी. खरे आहे. समुद्रमार्गांना संरक्षण हवे, हेही मी मानतो. पण लहान असणे ही प्रश्न न विचारण्याची सबब नाही. आणि प्रश्न सर्वांना सारखाच विचारावा लागतो. आगालेगावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचे आणि जेट्टीचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. तो लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात. ते खरे असो, अशीच माझी इच्छा आहे. पण पूर्वजांची भूमी म्हणून आपण तिथे डोळे मिटले, तर इंग्रजांकडे बोट दाखवण्याचा आपला अधिकार संपला. आगालेगावरही सुमारे ३०० माणसे राहतात. त्यांना आज विचारले पाहिजे, पन्नास वर्षांनी नव्हे.

काकांना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज देतो. काका, मोठ्यांचे मोठ्यांनी पाहिले, ते १९६५ साली. त्याचे काय झाले हे रोश ब्वाला जाऊन विचारा. तिथल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात.