बंदूक पोलीस ठाण्यात, दारू चुलीवर

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी शेती संरक्षणाची बंदूक आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. (दारू म्हणजे बंदुकीची दारू. दुसऱ्या दारूवर पुन्हा कधीतरी.)

निवडणूक लागली की आपल्या सिंधुदुर्गात एक ठरलेला कार्यक्रम असतो. परवानावाले शेतकरी ठासणीची बंदूक खांद्याला लावून पोलीस ठाण्यात जमा करायला येतात. २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा, एकाच वर्षात दोनदा. माकडं आणि रानडुकरं आचारसंहिता पाळत नाहीत ही बातमी आम्ही दर वेळी छापतो, आणि ती तक्रार रास्तच आहे. पण मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. बंदूक जमा झाली, नंबर रजिस्टरला चढला, पावती मिळाली. मग तिची दारू कुठाय?

दारू घरीच. आणि घरी कशी असते ते मी गेल्या काही महिन्यांत फिरताना मुद्दाम विचारत होतो. कोणाची बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कोणाची पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत, कोणाची लोणच्याच्या काचेच्या बरणीत. दुकानातून आणलेली पुडी घरी आली की अशीच कशात तरी ओतली जाते. वर नाव नाही, तारीख नाही. एका आजोबांनी तर सरळ सांगितलं, "चुलीच्या वरच्या फळयेर ठेवतंय, सुकी रवता."

हसू नका. त्यांचं कारण खरं आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने घरातलं मीठसुद्धा ओलं. काळ्या दारूत सगळ्यात जास्त असतो तो शोरा, आणि ओल आली की तोच पहिला बिघडतो. आता अशा घरात जून ते सप्टेंबर कोरडी राहणारी जागा एकच, चुलीच्या आसपास. म्हणजे जिथे दारू भिजणार नाही तिथेच ठिणगी उडणार. आजोबा अडाणी नाहीत, त्यांना दुसरी जागा कोणी सांगितलेलीच नाही.

काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. तिला वय मारत नाही, ओल मारते. एकदा भिजून पुन्हा उन्हात वाळवली की दिसायला तशीच दिसते, पण आतला शोरा विरघळून पृष्ठभागावर आलेला असतो. गंधक, कोळसा आणि शोरा यांचं एकजीव मिश्रण मोडलेलं असतं. मग होतं काय, केप फुटते, बार उडत नाही. माणूस दोन क्षण थांबतो, नळीत डोकावतो. कधी बार उशिरा उडतो आणि जायचं ते जातं. किंवा त्याला वाटतं आपण ठासलंच नव्हतं, म्हणून तो वरून दुसरा बार ठासतो. नळी फाटली की डावा हात आणि डोळा, हे दोन पहिले.

याहून मोठी भीती मला त्या नाव नसलेल्या बाटलीची वाटते. बंदुकीची दारू एक नाही, दोन प्रकारची असते. ठासणीची काळी दारू आणि काडतुसातली बिनधुराची. ठासणीत दारू मापाने भरतात. त्याच मापाने बिनधुराची भरली तर नळीत इतका दाब तयार होतो की ती नळी त्यासाठी बनलेलीच नसते. काळी दारू मिळाली नाही की जुनं काडतूस फोडून त्यातली दारू काढून ठेवणारे लोक आहेत, तुम्हालाही माहीत आहेत. ती बाटली ठेवणाऱ्याला लक्षात राहतं. त्याच्या मुलाला कसं कळणार? रंगावरून ओळखू म्हणाल तर नाही ओळखता येत, खात्रीने तर नाहीच.

शिवाय बिनधुराची दारू वयानेही खराब होते. ती आतल्या आत हळूहळू विघटित होत असते. ते रोखायला कारखान्यात त्यात एक रसायन घातलेलं असतं, ते संपलं की वेग वाढतो. उष्णतेने तर आणखी. डबा उघडल्यावर नाकात झोंबणारा आंबट वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती संपली असं समजायचं. अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे हौशी लोक हजारोंनी आहेत, तिथे पहिला नियम हाच की दारू कारखान्याच्या मूळ डब्यातून दुसऱ्या कशात ओतायची नाही. त्या डब्यावर प्रकार आणि बॅच नंबर असतो, हे एक. दुसरं म्हणजे तो डबा मुद्दाम कच्चा केलेला असतो, आग लागलीच तर लगेच उघडला जावा म्हणून. घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात तीच दारू कोंडली की तो बॉम्ब झाला.

पण अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र ३०० वर्षांपूर्वीचं. त्यात किल्ल्यावरचा दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, दारूला ओल लागू देऊ नये, ठराविक दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून ऊन दाखवावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असं आहे. मोहोर करून, हे बघा. कोणी, कधी ठेवली ते कळलं पाहिजे.

आणि आज? परवाना नूतनीकरणाला बंदूक तपासतात, नंबर जुळवतात, फी घेतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत नव्या परवान्यासाठी प्रशिक्षणाची अट आली. पण आपल्याकडचे बरेच परवाने आजोबा-वडिलांकडून आलेले. त्या पोराला दारू कशी ठेवायची हे सांगणारं कोण? नूतनीकरणाच्या रांगेत अर्धा तास बसवून सांगायला काय खर्च येतो? साहेब म्हणतील, परवान्यात मर्यादा लिहिलेली आहे. किती ठेवायची ते लिहिलंय हो, कशी ठेवायची ते कुठाय?

मागणी साधी आहे. परवानाधारक विक्रेत्यांनी काळी दारू लहान, सीलबंद, प्रकार आणि तारीख छापलेल्या पॅकमध्येच द्यावी, एका हंगामापुरती. बंदूक जमा करताना उरलेली दारूही जमा करून घेण्याची सोय ठाण्यात हवी. आणि नूतनीकरणावेळी मराठीत छापलेला एक कागद, बस.

तोपर्यंत आपण काय करायचं? चुलीवरची दारू आजच उतरवा. राहत्या खोलीपासून लांब, कोरड्या कुलूपबंद लाकडी पेटीत ठेवा, केपा तिच्यासोबत नाही, वेगळ्या. पॅकवर मार्करने प्रकार आणि महिना लिहा. भिजलेली काळी दारू वाळवू नका, भरपूर पाण्यात घालून निकामी करा. चुलीत टाकून 'संपवायची' तर अजिबात नाही. कुठली आहे हे माहीत नसलेली बाटली असेल तर ती बंदुकीत भरून तपासू नका, पोलिसांना किंवा विक्रेत्याला दाखवा.

निवेदन लिहून तयार आहे. बुधवारी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते बारा मी एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो. परवाना असलेल्यांनी सही करायला या, परवान्याची झेरॉक्स आणायची गरज नाही.